सातव्या घंटेचं परीक्षण

कुरामोची योशिनोबू यांनी आयुष्यात एकच खोटं शिक्का मारून दारोदार वाटलं, आणि तेही एका घंटेबद्दल. माणूस तसा सरळ. जपानात तोयामाकडच्या ओतकामाच्या शहरात, नगरपालिकेच्या सांडपाणी खात्यात तीस वर्षं कारकुनी केलेली. वय चौपन्न. व्यसन म्हणाल तर व्हिडिओ गेमचं, आणि त्यातही गाड्या पळवायचे किंवा गोळ्या झाडायचे गेम नव्हेत. तलवार घेऊन गावोगाव हिंडायचं, लोकांची गाऱ्हाणी ऐकायची, सोबती जमवायचे, हळूहळू अंगात बळ आणायचं आणि साठ-सत्तर तासांनी एकदाचं जग वाचवायचं, असले लांबलचक कथेचे गेम. दिवसभर तुंबलेल्या गटारांची गाऱ्हाणी ऐकणारा माणूस घरी येऊन पुन्हा गाऱ्हाणीच का ऐकतो, हे त्यांच्या बायकोला, मित्सुएला, सत्तावीस वर्षांत कळलं नव्हतं.

"तिथं गाऱ्हाणं दूर केलं की लोक बक्षीस देतात," कुरामोची सांगत. नगरपालिकेत काय देतात ते मित्सुएला ठाऊक होतं.

ते राहत त्या चार नंबरच्या इमारतीत तिसऱ्या जिन्यावर दहा घरं. या दहा घरांतून रहिवासी मंडळाची एक फाईल फिरते. कचरा कोणत्या वारी टाकायचा, पाणी कधी जाणार, कोणाची मांजर हरवली, सगळं त्यात. आपण वाचायचं, नावापुढे सहीऐवजी आपला शिक्का मारायचा आणि फाईल पुढच्या घराच्या दाराला अडकवून यायची. मधलं घर गाळायचं नाही, हा नियम. फाईल पाचव्या मजल्यावरून निघते आणि उतरत उतरत तळमजल्यावर संपते. फाईलमध्ये आलं ते खरं, कारण त्यावर दहा शिक्के असतात. दहा माणसं एकदम खोटं कशाला बोलतील?

शिक्क्याचं एक सांगायला हवं. कचेरीत साहेबाचा शिक्का डावीकडे असतो, त्याच्या उजवीकडे आपण आपला मारायचा, आणि तो ताठ नाही मारायचा. किंचित डावीकडे कलता मारायचा, म्हणजे शिक्का साहेबाला वाकून नमस्कार करतोय असं दिसतं. या कामात कुरामोचींचा हात धरणारा खात्यात कोणी नव्हता. घरच्या फाईलवर मात्र ते शिक्का ओळंब्यात ताठ मारत. माणसाला कुठेतरी मान सरळ ठेवायची सोय हवी.

मंडळाच्या अध्यक्ष इसोगाईबाई. निवृत्त कवायत शिक्षिका, त्यामुळे विनंतीसुद्धा शिट्टी मारल्यासारखी करायच्या. दोन वर्षांपूर्वी फाईलमधलं अर्धं पान रिकामं राहायला लागलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "कुरामोचीसाहेब, तुम्ही ते गेम खेळता ना? परीक्षण लिहा. नाहीतर मला पुन्हा मांजरीचा फोटो टाकावा लागेल."

कुरामोची मनातून सुखावले. वरवर तीनदा नाही म्हणाले आणि लिहायला बसले. त्यांनी स्वतःसाठी एक नियम केला, तो पहिल्याच लेखात ठळक छापला: 'पूर्ण खेळल्याशिवाय परीक्षण नाही.' सहा परीक्षणं त्यांनी या नियमाने लिहिली. ती कोण वाचतं याची त्यांना कल्पना नव्हती. शिक्के पडत, पण शिक्के तर कचऱ्याच्या वेळापत्रकावरही पडत.

सातव्या परीक्षणाच्या वेळी घात झाला. गेम होता 'सात घंटांचं राज्य'. राज्यातल्या सातही घंटा मुक्या झालेल्या, नायकाने एकेक घंटा पुन्हा वाजती करायची, अशी कथा. एप्रिलात कचेरीत हिशेब तपासनीस येऊन बसले आणि कुरामोचींच्या सहाच घंटा वाजून झाल्या. इकडे इसोगाईबाई दारात उभ्या. "मजकूर?" त्या म्हणाल्या. कुरामोचींनी विचार केला, सहा घंटा वाजल्या तर सातवी काय वेगळं करणार आहे? आणि लिहून टाकलं: 'अखेरीस सातवी घंटा वाजते तेव्हा तिचा धीरगंभीर नाद छातीत घुमत राहतो आणि डोळे पाणावतात. पाच तारे.' फाईल गेली, दहा शिक्के घेऊन परत आली. कुरामोचींनी तो गेम कपाटात ठेवला आणि विसरून गेले.

जुलैतल्या एका रविवारी दार वाजलं. दारात तळमजल्यावरचे हानेदाकाका, हातात मिठाईचा खोका. हानेदाकाका एकोणऐंशी वर्षांचे, एकटे. एक्केचाळीस वर्षं घंटांच्या कारखान्यात ओतारी होते. देवळांच्या मोठमोठ्या घंटा ओतायच्या, आणि घंटा निवली की तिच्यावर पहिला टोला देऊन नाद परखायचा, हे त्यांचं काम. त्यांनी मान डोलावली की घंटा देवळाकडे निघायची, नाहीतर पुन्हा भट्टीत. साऱ्या शहरात हानेदांचा कान प्रसिद्ध होता.

"चूक माझीच आहे," काका आल्या आल्या वाकून म्हणाले.

"छे छे, काका, आत या. कसली चूक?"

"तुमचं परीक्षण वाचलं. म्हटलं, जन्म घंटांत गेला, एक ही पण ऐकू. आणला गेम. रोज सकाळी नऊ ते पावणेबारा खेळलो. शेवटाला पोचलो. दोर ओढला. घंटा वाजली नाही, साहेब."

कुरामोचींच्या हातातला सातूचा चहा तसाच राहिला.

"तर माझंच काहीतरी राहून गेलं असणार. म्हणून मी पुन्हा पहिल्यापासून खेळलो."

"पुन्हा? पहिल्यापासून? सगळा?"

"सगळा. तरी नाही वाजली. फाईलमध्ये तर वाजते म्हणून आलंय, दहा शिक्के आहेत, त्यात एक माझाच आहे. आता तुम्ही जाणकार, तुम्हीच सांगा. माझं काय राहिलं?"

या घडीला कुरामोचींनी फक्त चार शब्द बोलायचे होते: मी शेवट खेळलेला नाही. चारच. पण काकांनी मिठाई आणली होती, मित्सुए दाराआडून ऐकत होती, आणि झाकली मूठ सव्वा लाखाची असते. ते भिंतीकडे बघत म्हणाले, "हं... बघायला हवं. वाटेत काही वस्तू राहिली असेल बुवा."

हानेदाकाकांनी मांडीवर थाप मारली. "ओंडका!"

"काय?"

"त्या घंटेच्या आत लोलक नाही, मी पहिल्याच खेपेला पाहिलं. पण आपल्याकडच्या घंटेला तरी लोलक कुठे असतो? बाहेरून ओंडका मारतात! या गेममध्ये कुठेतरी तो ओंडका ठेवलाय आणि माझ्या नजरेतून सुटलाय. उपकार झाले, साहेब!" आणि काका एकोणऐंशीच्या मानाने फारच वेगाने जिना उतरून गेले.

"मिठाई छान आहे," मित्सुए खोका उघडत म्हणाली. "पण अहो, तुम्ही तर तो गेम एप्रिलातच कपाटात ठेवलात. तेव्हा म्हणाला होतात, शेवट बाकी आहे."

"चहा गार झालाय," कुरामोची म्हणाले.

पुढचे पाच आठवडे हानेदाकाका ओंडका शोधत होते. गरम होई म्हणून त्यांची खिडकी उघडी असे आणि साऱ्या जिन्याला त्यांचा खेळ ऐकू येई. कारखान्यातली सवय अशी की प्रत्येक गोष्टीकडे बोट दाखवून मोठ्याने बोलल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. "डावीकडे राक्षस, आहे! उजवीकडे राक्षस, नाही! औषध तीन बाटल्या, ठीक! पुढे चला!" काकांनी सत्तावीस जंगलं पालथी घातली. सुताराच्या घरात शिरून त्याच्याशी चौदा वेळा बोलले, आणि चौदाही वेळा तो सुतार 'आज हवा छान आहे' एवढंच म्हणाला.

हळूहळू सगळा जिना यात पडला. चौथ्या मजल्यावरचे यासुदा, औषधांच्या कंपनीतले विक्रेते, म्हणाले की काकांच्या टीव्हीचा स्पीकर गेला असणार. काकांनी माणूस बोलावून स्पीकर तपासून घेतला. स्पीकर धडधाकट निघाला. मग यासुदा म्हणाले, वायर बदला. वायर बदलली. इसोगाईबाई म्हणाल्या, टीव्ही भिंतीपासून हात दूर ओढा, भिंत नाद खाते. टीव्ही ओढला. दुसऱ्या मजल्यावरच्या नागामिनेबाईंनी सल्ला दिला की दोर ओढण्याआधी नायकाला जेवू घाला, उपाशी माणसाच्या हाताला जोर नसतो. काकांनी नायकाला जेवू घातलं. घंटा आपली ढिम्म.

आणि प्रत्येकजण शेवटी म्हणायचा, "कुरामोचीसाहेबांची वाजली ना? मग वाजायलाच हवी!"

कुरामोची जिन्यावरून पावलं न वाजवता येऊ-जाऊ लागले. एवढं करून सप्टेंबरात एका सकाळी तळमजल्यावर काका समोर आलेच, आणि त्यांच्या डाव्या कानात काहीतरी चमकत होतं.

"काका, हे काय?"

"यंत्र. कानाच्या डॉक्टरकडून आणलं, महिनाभर वापरून बघा म्हणाले." काका हसले, पण हसू काही डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. "ओंडका नाही सापडला, साहेब. टीव्ही ठीक, वायर ठीक. मग उरलं काय? मीच. डॉक्टर म्हणतात वयाच्या मानाने ठीक ऐकू येतं. पण वयाच्या मानाने ठीक म्हणजे काय हो? एक्केचाळीस वर्षांत मी दुसरं काही कमावलं नाही. कानच काय ते माझे होते."

कबूल करावं असं कुरामोचींच्या अगदी ओठांवर आलं, तेवढ्यात वरून इसोगाईबाईंचा आवाज आला, "कुरामोचीसाहेब! बरे सापडलात!"

बाईंनी ठरवून टाकलं होतं. तीन नोव्हेंबर, संस्कृती दिन. नागरी सभागृहात मोठा टीव्ही आहे, मोठे स्पीकर आहेत. हानेदाकाकांचा गेम तिथे लावायचा आणि सगळ्या जिन्यांनी मिळून सातवी घंटा ऐकायची. "काकांना ऐकू येईपर्यंत आवाज वाढवू," बाई म्हणाल्या. "अर्ज भरलाय मी."

हा अर्ज म्हणजे एक स्वतंत्र प्रकरण झालं. 'सभागृह कशासाठी हवं' या रकान्यात बाईंनी लिहिलं होतं, 'घंटा ऐकणे'. त्यावरून अर्ज सभागृह खात्यातून ध्वनी खात्यात गेला. तिथल्या कारकुनाने विचारलं, घंटा किती वेळा वाजणार? बाई म्हणाल्या, एकदा. किती सेकंद? बाईंना माहीत नव्हतं. मग नियमाप्रमाणे आसपासच्या अठरा घरांची लेखी संमती लागेल, आणि घंटेच्या आवाजाबद्दल एका जाणकाराचं प्रमाणपत्र. बाईंनी दोन दिवसांत अठरा घरं पालथी घालून अठरा शिक्के आणले. जाणकार तर नगरपालिकेच्या त्याच इमारतीत, तीन खोल्या पलीकडे, सांडपाण्याच्या फायली चाळत बसले होते. ध्वनी खात्याचा माणूस कागद घेऊन आला. "'सदर घंटा धीरगंभीर वाजते, कर्कश नाही.' इथे शिक्का, कुरामोचीसाहेब."

डावीकडे ध्वनी खात्याच्या साहेबाचा शिक्का होता. कुरामोचींनी आपला मारला. सवयीने तो झक्क कलता पडला. एकाच खोट्यावर हा दुसरा शिक्का.

त्या दिवशी घरी येऊन त्यांनी कपाटातून गेम काढला. रोज पहाटे पाच ते सात, कचेरीआधी, त्यांनी तो खेळायला घेतला आणि ऑक्टोबरातल्या एका रविवारी दुपारी ते सातव्या घंटेखाली पोचले. मित्सुए शेजारी कपड्यांच्या घड्या घालत होती.

नायकाने दोर ओढला. घंटा हलली. सत्तर तास अखंड वाजत असलेलं संगीत थांबलं. राज्यातले सगळे लोक, तो सुतारसुद्धा, चौकात उभे राहून कान देऊन होते. घंटेच्या आत लोलक नव्हता. तो पहिल्याच गावच्या लोहाराने वितळवला होता आणि त्याची तलवार करून नायकाच्या हाती दिली होती. सगळं राज्य ज्या तलवारीने वाचवलं, तीच या घंटेची जीभ होती. दोन मिनिटं फक्त वारा. मग लोकांनी एकेक करून माना खाली घातल्या, आणि संपलं.

"अहो, आवाज गेला का?" मित्सुएने विचारलं.

"नाही गं. असंच आहे ते," कुरामोची म्हणाले, आणि त्यांनी चष्मा काढून पुसला. परीक्षणात लिहिलेलं एक वाक्य तरी खरं ठरलं होतं. डोळे पाणावले होते.

त्याच संध्याकाळी त्यांनी दुरुस्तीपत्र लिहिलं. 'सातवी घंटा वाजत नाही. मी गेम पूर्ण न खेळता परीक्षण लिहिलं. क्षमा असावी.' फाईल नेमकी त्यांच्याच घरी आलेली होती. त्यांनी पत्र आत लावलं, ताठ शिक्का मारला आणि फाईल पुढच्या घरी, नागामिनेबाईंच्या दाराला अडकवली. तोंडाने सांगण्यापेक्षा हे किती बरं! चार दिवसांत फाईल तळमजल्यावर काकांच्या हाती पडेल, आणि आपण तोवर कचेरीत असू.

आठ दिवस झाले तरी फाईल तिथेच. चौकशी केली तेव्हा कळलं, नागामिनेबाई मुलीच्या बाळंतपणासाठी फुकुओकाला गेल्या आहेत, नाताळाला येतील. कुरामोची इकडेतिकडे बघत हळूच फाईल काढायला गेले, तर जिन्यातून यासुदा आले.

"काय साहेब, घर गाळताय?"

"नाही, मी आपलं... धूळ झटकत होतो," कुरामोची म्हणाले, आणि तीस वर्षं नोकरी केलेला तो माणूस रुमालाने खरोखरच फाईलची धूळ झटकून वर निघून गेला.

संस्कृती दिनाला सभागृहात एकतीस माणसं जमली. घरोघरून माशाच्या वड्या आणि भाताचे मुटके आले होते. इसोगाईबाईंनी सांगितलं की कुरामोचीसाहेब दोर ओढतील. कुरामोची कसेबसे म्हणाले, "नको, मान काकांचा." काका कोट घालून आले होते. त्यांनी खुर्ची सरळ केली, टीव्हीकडे बोट दाखवलं. "पडदा, ठीक! आवाज, ठीक!" कानातल्या यंत्राला हात लावला. "कान, ठीक!" आणि नायकाला शेवटच्या पायऱ्या चढवून दोर ओढला.

संगीत थांबलं. इसोगाईबाईंनी आवाज पूर्ण वाढवला. एवढ्या मोठ्या खोलीत वाऱ्याची सळसळ तेवढी भरली. दहा सेकंद गेले. वीस. एकतीस माणसं अवघडून बसली. अठरा घरांनी संमती दिलेली, नगरपालिकेचं प्रमाणपत्र भिंतीवर लावलेलं, आणि आपल्याला काही ऐकू येत नाही म्हणायचं कसं?

यासुदा विक्रेता माणूस. त्यांनी हळूच डोळे मिटून मान डोलावली. "वा. किती खोल नाद आहे."

शेजारच्या बाई लगेच म्हणाल्या, "हो ना. छातीत घुमतो अगदी."

"घुमतो, घुमतो," मागून दोघंतिघं म्हणाले. आणि बघता बघता सगळं सभागृह माना डोलावू लागलं. इसोगाईबाईंनी तर रुमाल काढून डोळ्यांना लावला.

हानेदाकाका सगळ्यांकडे वळून बघत होते. त्यांनी यंत्र काढलं, फुंकर मारली, पुन्हा घातलं. मग दुसऱ्या कानात घालून बघितलं. "सगळ्यांना आलं ऐकू?" त्यांनी विचारलं. त्यांचा आवाज लहान झाला होता. "सगळ्यांना?"

कुरामोची उठून उभे राहिले. खुर्ची मागे पडली.

"कोणालाच आलेलं नाही!" ते ओरडले. सांडपाणी खात्यात ते कधी ओरडले नव्हते, त्यामुळे आवाज चिरकला. "ती वाजतच नाही, काका. तिला जीभ नाही, ओंडका नाही, काही नाही. ती न वाजण्यासाठीच आहे. मी शेवट खेळलो नव्हतो. न खेळता लिहिलं. तुम्ही घरी आलात तेव्हाही बोललो नाही, कारण मला लाज वाटली. तुमचे कान ठणठणीत आहेत. या खोलीत खरं ऐकणारे तुम्ही एकटे आहात." आणि ते कमरेत वाकले ते वाकलेच.

माना डोलायच्या थांबल्या. यासुदांनी डोळे उघडले आणि मुटक्याकडे बघू लागले.

"म्हणजे कान..." काका म्हणाले.

"ठीक आहेत."

"म्हणजे मी पहिल्याच खेपेला जिंकलो होतो?"

"पहिल्याच खेपेला, काका."

काकांनी यंत्र काढून टेबलावर ठेवलं. "मी सत्तावीस जंगलं हिंडलो, कुरामोचीसाहेब," ते म्हणाले. "एका ओंडक्यासाठी." मग टीव्हीकडे वळून एकदम कडाडले, "बसा सगळे! अजून एक मिनिट बाकी आहे. बोलू नका." आणि उरलेला तो वारा एकतीस माणसांनी बसून ऐकला. कुरामोचींनी तो वाकूनच ऐकला, कारण त्यांना कोणी उठा म्हणालं नाही.

परीक्षणाचं अर्धं पान इसोगाईबाईंनी दुसऱ्याच दिवशी हानेदाकाकांना देऊन टाकलं. नागामिनेबाई परतल्या, फाईल हलली, आणि जानेवारीत नवी फाईल तिसऱ्या मजल्यावर कुरामोचींकडे आली. मित्सुएने ती स्वयंपाकघरात उभ्याउभ्या वाचली आणि नवऱ्यापुढे ठेवली. काकांच्या जाडजूड अक्षरात लिहिलं होतं:

'सात घंटांचं राज्य. सातवी घंटा वाजत नाही. मी ती चार वेळा ऐकली, तीनदा एकट्याने आणि एकदा माणसांत बसून. चौथ्यांदा सर्वांत चांगली ऐकू आली. गेम: पाच तारे. यापूर्वी याच पानावर आलेलं परीक्षण: एक तारा. परीक्षकाने पूर्ण खेळल्याशिवाय लिहू नये. लेखक: हानेदा.' आणि खाली काकांचा शिक्का.

"एक तारा तरी का दिला?" मित्सुएने विचारलं.

"शेवटी खरं बोललो म्हणून असेल."

कुरामोचींनी शाईची डबी उघडली. शिक्का घेतला, नावापुढच्या चौकोनावर धरला, आणि थांबले. काकांचं नाव डाव्या बाजूला होतं. त्यांनी शिक्का किंचित डावीकडे कलवला, नीट दाबला, आणि फाईल घेऊन जिना उतरले.